टेकचंद आणि मारुती यांची बिनशिशाची काच

पेटंट ऑफिसात नोकरी करते असं सांगितलं की अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मला खोकल्यावर औषध विचारायच्या. पेटंट म्हणजे पेटंट औषध, एवढीच त्या शब्दाची त्यांना ओळख. सुरुवातीला मी समजावून सांगायची. पुढे कंटाळून आलं-मधाचा काढा सांगू लागले. त्याने गुण येत असावा, कारण माझ्या नोकरीबद्दल बिल्डिंगमध्ये चांगलाच आदर होता.

खरी नोकरी अशी. कुणी एखादी नवी वस्तू किंवा ती बनवायची नवी रीत शोधून काढतो आणि सरकारकडे अर्ज करतो, की काही वर्षं माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी हे बनवू नये. असा हक्क देण्याआधी एका माणसाने बसून तपासायचं असतं, की हे जगात आधीच कुणी करून ठेवलेलं नाही ना. तो माणूस म्हणजे परीक्षक. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., त्यामुळे माझ्या टेबलावर काच, सिमेंट, चिनी माती असले विषय यायचे. त्यातली काच माझी लाडकी. चष्म्याची, भिंगाची, कॅमेऱ्याची. जिच्यातून प्रकाश जातो आणि वाटेत वाकतो ती.

इथे 'नवीन' या शब्दाचा अर्थ फार कडक आहे. तुम्ही स्वतःच्या डोक्याने शोधलंत, कुणाची नक्कल केली नाहीत, रात्रंदिवस खपलात, हे सगळं खरं असलं तरी कामाचं नाही. अर्जाच्या तारखेआधी तीच गोष्ट जगाच्या पाठीवर कुठेही, कुठल्याही भाषेत छापली गेली असेल, तर ती नवीन नाही. आणि छापणारे तुम्ही स्वतः असलात तरी बहुतेक वेळा सुटका नाही.

बदलापूरजवळ खरवईला राहणारे एक निवृत्त विज्ञान शिक्षक होते. काचेच्या कांडीचं टोक वितळवलं की गोल मणी तयार होतो आणि त्याचं भिंग म्हणून काम होतं, ही गोष्ट शेकडो वर्षं जुनी. पण त्या मण्याची एक बाजू घासल्याशिवाय सपाट करायची एक सुरेख युक्ती गुरुजींनी शोधली होती. मी पंधरा दिवस शोध घेतला, कुठेही सापडली नाही. मनातून खूश झाले आणि अर्जासोबतचे कागद शेवटचे म्हणून चाळायला घेतले. सगळ्यात खाली शाळेची स्मरणिका होती. गुरुजींनी ती आपल्या कामाचा पुरावा म्हणून अभिमानाने जोडली होती. त्यात त्यांचा लेख, युक्ती आकृतीसह, आणि प्रकाशनाची तारीख अर्जाच्या दोन वर्षं आधीची.

गुरुजी ऑफिसात आले तेव्हा म्हणाले, "अहो पण ते माझंच आहे ना!"

"सर, तुमचंच आहे. पण तुम्ही ते दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना देऊन टाकलंत."

गुरुजींनी स्मरणिका मिटली. मग म्हणाले, "शिक्षक दुसरं काय करणार?" आणि उठून गेले. असे नकार लिहिताना हात जड व्हायचा, पण शंका नसायची. माझे नकार पक्के असतात असं ऑफिसात म्हणत. मलाही ते खरं वाटायचं. आज जे सांगायचं आहे ते एका अशा नकाराबद्दल, जो पक्का नव्हता.

दोन हजारच्या दशकाच्या मधली गोष्ट. उल्हासनगरहून एक अर्ज आला. वकील नाही, एजंट नाही. स्वतः टाइप करून पाठवलेला. संशोधक म्हणून दोन नावं होती. पहिलं टेकचंद, उल्हासनगरमधल्या एका छोट्या काचकारखान्याचे सिंधी मालक. दुसरं मारुती, त्यांचा भट्टीवाला, पत्ता बारवीकडच्या एका पाड्याचा. मालकाने भट्टीवाल्याचं नाव स्वतःच्या बरोबरीने लिहावं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

हे लोक चष्म्याची 'बटनं' बनवायचे. जुन्या दुहेरी चष्म्यात खालच्या बाजूला वाचायचा छोटा अर्धगोल दिसायचा, आठवत असेल. तो वेगळ्या काचेचा तुकडा असतो. प्रकाश जास्त वाकवणाऱ्या काचेचं बटन साध्या काचेत तापवून बसवतात. काच जास्त वाकवणारी व्हावी म्हणून तिच्यात शिसं घालायची पद्धत होती. कारखान्यात ते शेंदराच्या रूपात येतं. मारुतीने वीस वर्षं तो शेंदूर हाताने मापून भट्टीत घातला होता. मग त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या, मनगटं लुळी पडू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, शिसं अंगात भिनलंय. तेव्हा टेकचंदनी ठरवलं, की शेंदूर बंद. सहा वर्षं दोघांनी खटपट करून बेरियम आणि टायटॅनियम घालून बिनशिशाची काच बनवली, जी साध्या काचेत बसवताना तडकत नाही.

हे सगळं अर्जातच लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि पुढे गेले. परीक्षकाला मेहनत आणि आजारपण वाचायला बंदी नाही, पण हिशेबात धरायला आहे.

काचेच्या अर्जात घटकांचे पट्टे असतात. यांचा दावा होता, वजनाने बेरियम अठरा ते चोवीस टक्के, वाळू अमुक ते तमुक, टायटॅनियम इतकं, सोडा इतका. परीक्षक जुन्या कागदांमध्ये असा एक नमुना शोधतो ज्याचे सगळे आकडे या पट्ट्यांच्या आत पडतील. असा एक जरी सापडला, तरी पट्ट्याचं नावीन्य गेलं.

मला तो दुसऱ्याच दिवशी सापडला. जुना जपानी पेटंट दस्तऐवज, त्याचा इंग्रजी गोषवारा. बेरियम वीस, वाळू पंचावन्न, टायटॅनियम बारा, सोडा तेरा. चारही आकडे बरोब्बर आत. गोषवाऱ्यात त्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचा आकडाही दिला होता, एक पॉइंट सदुसष्ट. टेकचंदांच्या काचेचा होता एक पॉइंट बासष्ट. मी त्या फरकाकडे पाहिलं आणि अहवालात आमचं नेहमीचं वाक्य लिहिलं: घटक तेच असतील तर गुणही आपोआप तेच असतात, वेगळा आकडा मोजल्याने जुनी काच नवी होत नाही.

एक कबुली इथेच देते. आम्ही अंबरनाथकर लहानपणापासून उल्हासनगरच्या मालावर विनोद करत वाढलो. तिथे काहीही मिळतं, फक्त खरं मिळत नाही, वगैरे. तो जपानी कागद हाती आला तेव्हा मी मनात म्हटलं, अपेक्षेप्रमाणे. त्यामुळेच मी मूळ दस्तऐवज मागवला नाही. दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर कदाचित मागवला असता.

अहवाल गेला. तीन-चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी आमच्या घराची बेल वाजली. दारात पांढऱ्या सफारीतले साठीचे गृहस्थ आणि त्यांच्यामागे एक किडकिडीत, काळासावळा माणूस. त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"कांबळे मॅडम? मी टेकचंद. आपल्या बाबांचा चष्मा जिथे बनतो ना, त्या दुकानात आमची बटनं जातात, तिथून पत्ता घेतला. साईं, फक्त पाच मिनिटं. काच बघा."

मी दारातच हात आडवा केला. "माफ करा. तुमचा अर्ज माझ्याकडे आहे. घरी मी तुम्हाला भेटू शकत नाही आणि काहीही बघू शकत नाही. सुनावणी मागा, ऑफिसात या."

"मॅडम, आम्ही काय द्यायला आलो नाही. फक्त दाखवायला आलो."

"दाखवायचंही तिथेच."

मागचा माणूस फडकं सोडत होता तो थांबला आणि त्याने गाठ परत बांधली. तेवढ्यात आईने आतून पाण्याचे दोन तांबे आणले. ते दोघं जिन्यात उभ्या उभ्या पाणी प्याले आणि गेले.

बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या पिढीतला माणूस. जन्मभर कारखान्यात काढला, पण मुलीच्या सरकारी नोकरीत कधी लुडबुड केली नाही. त्या दिवशी मात्र म्हणाले, "दारातनं परत पाठवलंस ते बरोबर केलंस. पण सुनंदा, एवढ्या लांबून माणूस काच दाखवायला येतो, म्हणजे त्याला तुझ्या कागदात काहीतरी चुकलेलं दिसलंय."

"बाबा, सगळेच अर्जदार असं म्हणतात."

"सगळे घरी येतात का?"

बाबांचं ते बोलणं टोचलं, आणि तरीही मी मूळ कागद मागवला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

सुनावणी महिन्याभराने झाली. निर्णय कंट्रोलर साहेबांचा असतो. परीक्षक बाजूला बसून त्यांना मदत करतो. टेबलाच्या पलीकडे टेकचंद आणि मारुती. त्यांच्या अर्जाची कायदेशीर मुदत संपायला सात आठवडे उरले होते. तेवढ्यात आमचे आक्षेप दूर झाले नाहीत तर अर्ज आपोआप मेला असता.

टेकचंदनी माझा अहवाल उघडला. एका ओळीखाली लाल रेघ होती.

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलं ना? माल सेम, तर गुण पण सेम?"

"हो."

"पक्का?"

"पक्कं. रसायनशास्त्राचा नियम आहे."

"ठीक. आता मारुती, तू बोल."

मारुती खुर्चीत अगदी पुढे सरकून बसला होता. त्याचा उजवा हात टेबलावर होता आणि मनगट थोडं वाकलेलं.

"बाई, तुमच्या कागदात जे चार आकडे लिवलेत ना, तेच मी काट्यावर वजन केले. बेरियम वीस, बारीक वाळू पंचावन, सगलं तसंच. येकदा नाय, तीनदा. तीन दिस भट्टी भरून तीन घान काढले. काच चांगली निगाली. पन ती आमचीच काच हाय बाई. तुमच्या कागदातली नाय."

"म्हणजे काय?"

त्याने फडक्यातून तीन चकत्या काढून टेबलावर ठेवल्या. टेकचंदनी त्यांच्या शेजारी एक कागद ठेवला. उल्हासनगरच्या एका कॉलेजमधल्या प्राध्यापकांनी तिन्ही चकत्यांचा अपवर्तनांक मोजून दिला होता. तिन्हीचा एक पॉइंट बासष्ट.

"तुमचा जपानी बोलतो सदुसष्ट," टेकचंद म्हणाले. "त्याचेच आकडे घेऊन आम्ही बनवली तर येते बासष्ट. मॅडम, नियम तुमचा आहे. माल सेम तर गुण सेम. गुण सेम नाही आला. मग माल सेम कसा?"

कंट्रोलर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कांबळे?"

"मोजमापात फरक पडू शकतो, सर," मी म्हणाले.

"इतका?"

इतका पडत नाही, हे मला माहीत होतं. तिसऱ्या दशांशात फरक पडला असता तर गोष्ट वेगळी. साहेबांनी शांतपणे विचारलं, "मूळ दस्तऐवज पूर्ण पाहिलात?"

"नाही सर. गोषवारा पाहिला."

साहेब "दहा मिनिटं चहा घेऊ," एवढंच म्हणाले आणि उठले.

मी चहाला गेले नाही. माझ्या टेबलावर जाऊन कोरा कागद घेतला. त्या चकत्या खऱ्या होत्या, प्राध्यापकांची सही खरी होती, आणि मारुतीने तीनदा वजन केलं होतं यावर माझा का कोण जाणे पूर्ण विश्वास बसला होता. मग खोटं काय? वजन. मारुतीने सगळं वजनाने घेतलं, कारण मी ते वजन समजून लिहिलं होतं. गोषवाऱ्यात फक्त 'टक्के' होतं. कशाचे टक्के, ते कुठेच नव्हतं.

हे साधं करून सांगते. टोपलीत वीस नारळ आणि पंचावन्न लिंबं आहेत. मोजून पाहिलं तर लिंबं जास्त. वजन केलं तर नारळच जास्त भरतील. रसायनशास्त्रात कणांची अशी मोजणी करतात, तिच्या मापाला मोल म्हणतात. बेरियम म्हणजे नारळ, वाळू म्हणजे लिंबू. जपानी माणसाने नग मोजले असतील, तर त्याचं वीस टक्के बेरियम वजनाने किती?

मी गुणाकार केले. अडतीसच्या आसपास आलं.

अडतीस. टेकचंदांचा पट्टा चोवीसला संपत होता. आणि एवढं बेरियम असेल तर काच प्रकाश जास्त वाकवणारच; सदुसष्टचा उलगडा झाला. जपानी काच वेगळी होती. मी नारळ-लिंबांचे नग वजन समजून बसले होते.

त्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव होतं. "अर्जदाराची चाचणी समाधानकारक नाही" असं एक वाक्य लिहिलं असतं तर कुणी मला विचारलं नसतं. सात आठवड्यांत ते दोघं कुठे अपील करणार होते? हा विचार माझ्या मनात आला, हे लपवत नाही. तो किती वेळ टिकला ते सांगता येणार नाही. पण चहा घेऊन सगळे परत आले तेव्हा मी आत जाऊन बसले होते आणि हिशेबाचा कागद साहेबांपुढे ठेवला होता.

"सर, चूक माझी आहे. हे आकडे बहुधा मोलचे आहेत, वजनाचे नाहीत. मूळ दस्तऐवज मागवून खात्री करावी लागेल. तोवर हा आक्षेप टिकत नाही, असं नोंदीत घ्यावं."

साहेबांनी कागद पाहिला आणि तसंच्या तसं नोंदीत घेतलं. टेकचंदांना मोल कळला नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून बाकीचं कळलं असावं. मारुती हळूच म्हणाला, "बाई, चूक कोनाची पन व्हते. आमचे तर सा वर्सांत किती घान फुकट गेले."

मूळ दस्तऐवज आला तो संपूर्ण जपानीत. डोंबिवलीला जपानी शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना ऑफिसतर्फे तक्त्याचा मथळा वाचायला दिला. त्यांचा फोन आला. "इथे 'मोरु' असं लिहिलंय. मोरु टक्के. कुणा मोरूचे टक्के, ते मला कळत नाही."

मी ऑफिसात मोठ्याने हसले. जपानीत 'ल' नाही. मोलचा मोरु होतो.

आता वाचकांना वाटेल, पेटंट मिळालं आणि गोष्ट संपली. तसं होत नाही. माझी चूक सुधारली म्हणजे त्यांचा दावा सिद्ध झाला, असं नव्हे. मी पुन्हा पहिल्यापासून शोध घेतला, आणि या वेळी प्रत्येक कागद पूर्ण वाचला. तेव्हा एक जुना युरोपीय दस्तऐवज सापडला, त्यात बेरियम तेवीस टक्के, आणि तिथे वजनाने असं स्वच्छ लिहिलेलं. पट्ट्याचं वरचं टोक गेलं. टेकचंदना बोलावून सांगितलं.

"मॅडम, आता हे पण मोरु निघणार?"

"नाही. हे तीनदा तपासलंय."

"म्हणजे तेवीस सोडायचं?"

"एकवीसवर थांबा. तुमची खरी चांगली काच एकोणिसावर आहे. ती वाचते. ती जगात कुणाकडे नाही."

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा बोलले असेन नोकरीत? फार थोड्या वेळा. टेकचंदनी ते परत म्हणायला लावलं. मग त्यांनी दावा एकवीसवर आणला, मुदतीला अकरा दिवस असताना कागद दाखल केले, आणि पेटंट मंजूर झालं. दोघांच्या नावाने.

धंद्याच्या दृष्टीने त्याचा फार काळ उपयोग झाला नाही. लोक प्लास्टिकच्या हलक्या भिंगांकडे वळले, काचेची बटनं घालणारा चष्मेवाला सापडेना, आणि टेकचंदनी काही वर्षांत भट्टी विझवली. मला त्याची हळहळ वाटली. पण पेटंटचा कागद मरत नाही. तो जगभरच्या साठ्यात जाऊन बसतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ज्या जुन्या कागदांना तोंड द्यावं लागतं त्यांत त्याचाही नंबर लागतो.

त्या दशकाच्या अखेरीस मला बढती मिळाली होती आणि सुनावण्या मी स्वतः घेत होते. एका मोठ्या परदेशी कंपनीचा अर्ज आला. छोट्या कॅमेऱ्यांच्या भिंगांसाठी बिनशिशाची काच. तपासणी केली होती एका तरुण सहकाऱ्याने, माझा त्यात काही हात नव्हता. त्याने जोडलेला जुना दस्तऐवज पाहिला आणि मी चष्मा काढून पुसला. टेकचंद आणि मारुती, उल्हासनगर. बेरियम एकोणीस, वजनाने. कंपनीच्या पहिल्या दाव्यातल्या सगळ्या पट्ट्यांच्या आत तो एक नमुना पडत होता.

कंपनीतर्फे तीन वकील आले होते. त्यांनी दोन तास बाजू मांडली, चांगली मांडली. मी तक्ता स्वतः पडताळला, एकक पडताळलं, एकमेकांशेजारी आकडे ठेवून त्यांना दाखवले. शेवटी त्यांनी पहिला दावा मागे घेतला. त्या संध्याकाळी मी फार ताठ मानेने घरी आले.

निवृत्तीनंतर एकदा बदलापूरच्या बाजारात गेले होते. रानभाज्या घेऊन बसलेल्या बायकांच्या ओळीत एका बाईशेजारी मारुती बसला होता. केस पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं. त्यानेही ओळखलं. मनगट बरं आहे म्हणाला. आता घरचा भात लावतो, पावसाळ्यात भाजी आणतो. टेकचंद शेठ मुलाकडे राहतात, फोन करतात.

मी उकिडवी बसले आणि त्याला सगळं सांगितलं. समुद्रापलीकडची केवढी मोठी कंपनी, तिचे तीन वकील, आणि त्यांच्यासमोर त्याच्या नावाचा कागद. त्या कागदामुळे त्यांना नाही म्हणावं लागलं. त्याला आनंद होईल, शेजारी बसलेल्या बायकोला सांगेल, असं मला वाटलं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी त्यांनी बी सोताच शोदली व्हती? आमचं बगून नाय?"

"स्वतःच शोधली होती."

"मग त्यांच्या भट्टीवर बी कोनतरी आसंल, बाई. त्याचे बी किती घान फुकट गेले आसतील."

इतक्या वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. कंपनीच्या वकिलांनीसुद्धा नाही.

"असेल," मी म्हणाले.

"त्याला कोनी सांगितलं का, त्याची काच नवी का नाय धरली म्हनून?"

मला ते माहीत नव्हतं. मारुतीने टाकळ्याच्या दोन जुड्या उचलल्या, देठांवरचं पाणी झटकलं आणि माझ्या पिशवीत ठेवल्या.